आखूड दांड्याची खडखड

गिअर बदलताना हाताला कापावं लागणारं अंतर कमी व्हावं, एवढ्यासाठी बाजारात एक स्वतंत्र वस्तू मिळते. शॉर्ट शिफ्टर. कंपनीने दिलेला गिअरचा दांडा काढायचा आणि त्या जागी हा अखंड धातूचा, आखूड चालीचा दांडा बसवायचा. काम दुपारभराचं. संध्याकाळी गाडी बाहेर काढली की हात खूश असतो, कारण दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला मनगटाची एक हालचाल पुरते. मग इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर पोचतं आणि दोन सीटांच्या मधून आवाज सुरू होतो. आधी बारीक झिणझिण, मग सरळ खडखड. नॉब हातात धरला की थांबते, सोडला की परत चालू.

मालकाला पहिली शंका येते ती गिअरबॉक्स गेल्याची. बहुतेक वेळा ती खोटी ठरते. गिअरबॉक्स पूर्वीही तितकाच खडखडत होता. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी तो आवाज मध्येच अडवून ठेवला होता आणि नव्या दांड्याने ती अडवणूक काढून टाकली, एवढंच. म्हणून या दुरुस्तीत नवीन काही शोधून काढायचं नसतं. मूळ रचनेत मऊ काय होतं, घट्ट काय होतं, आणि त्यातलं काय आपण फेकून दिलं, हे पाहायचं असतं.

कंपनीचा दांडा बाहेरून एकसंध दिसतो, पण बऱ्याच गाड्यांत तो दोन तुकड्यांचा असतो. खालचा तुकडा गिअरबॉक्समध्ये उतरतो, वरचा हातात येतो आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर असतो. हाच थर थरथर गिळतो. त्याच्यामुळेच दांडा हातात किंचित लिबलिबीत वाटतो आणि तेच हौशी चालकाला खुपतं. तो अखंड दांडा विकत घेतो, लिबलिबीतपणा जातो आणि आवाजाला वर यायला मोकळा रस्ता मिळतो. चाल आखूड हवी, हाताला घट्ट लागायला हवं, शिवाय गाडी मूग गिळून बसायला हवी, ही मागणी आखूडशिंगी आणि बहुदुधी गाईची आहे.

चाल आखूड होते ती साध्या तरफेच्या नियमाने. दांडा एका गोळ्यावर टेकलेला असतो. गोळ्याच्या वरचा भाग लांब, खालचा छोटा. समजा, गोळ्यापासून नॉबपर्यंत २०० मिलिमीटर आणि गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंत ५० मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे प्रमाण चारास एक. गिअर पडायला आतली पट्टी १२ मिलिमीटर सरकावी लागत असेल, तर हाताला ४८ मिलिमीटर जावं लागेल. आता टेकू १० मिलिमीटर वर घेतला. वरचा भाग १९० झाला, खालचा ६०. हाताची चाल आली ३८ मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे एकपंचमांश कमी. पण तरफ फुकट काही देत नाही. तेवढंच काम करायला हाताला सव्वापट जोर लावावा लागतो. एसटीच्या जुन्या गाड्यांतला, ड्रायव्हरचा अख्खा हात हलवणारा तो लांबलचक दांडा याच हिशेबाने लांब ठेवलेला असे: चाल भरपूर, जोर कमी.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. गिअरबॉक्सच्या आतली पट्टी आधी १२ मिलिमीटर सरकत होती, नंतरही तेवढीच सरकते. शॉर्ट शिफ्टरने गिअरबॉक्स वेगवान होत नाही. सिंक्रोनायझरला दोन चाकांचे वेग जुळवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच लागतो. थंड तेलात घाईने दांडा ओढला तर करकर ऐकू येते ती त्यामुळे, आणि तिचा दोष दांड्याला देण्यात अर्थ नाही.

मग थरथर येते कुठून? चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०, म्हणजे सेकंदाला १०० धक्के. ६००० फेऱ्यांवर २००. गिअरबॉक्समध्ये ज्या जोडीतून ताकद जात असते ती जोडी दाबाखाली असते, त्यामुळे गप्प असते. बाकीच्या जोड्या मोकळ्या फिरत असतात, त्यांच्या दातांमध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक फट असते आणि प्रत्येक धक्क्याला दात त्या फटीत पुढेमागे आपटतात. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा हे धक्के बरेच सौम्य करतात, जड फ्लायव्हीलही करतं. उरलेली थरथर गिअरबॉक्सच्या अंगात पसरते, तिथून दांड्याच्या खालच्या टोकात शिरते. ते टोक बुशमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या छोट्या अस्तरात, घट्ट बसलेलं असेल तर नुसती गुणगुण वर येते. बुशमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर धातू धातूवर आपटतो. खडखड म्हणतो ती हीच.

हे सगळं एका गाडीत फार स्वच्छ दिसतं, ती म्हणजे माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. आपल्याकडे माझदा हे नाव लोकांना ठाऊक आहे ते स्वराज माझदाच्या टेम्पो आणि मिनीबसमुळे. त्याच हिरोशिमाच्या कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन सीटांची, उघड्या टपाची छोटी गाडी दाखवली. इंजिन १.६ लिटरचं, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांची मजा तिच्यात होती आणि त्या गाड्यांचं गळकं तेल नव्हतं. घोडा आणि स्वार एक व्हावेत, या अर्थाचा ‘जिंबा इत्ताइ’ हा जपानी शब्दप्रयोग माझदाने या गाडीचं ब्रीद म्हणून वापरला. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. तिच्या कौतुकात गिअरचा दांडा हमखास येतो. खरं तर तिची मूळ चाल इतकी आखूड आहे, की तिच्यात शॉर्ट शिफ्टर बसवणं ही गरज कमी आणि हौस जास्त. तरीही लोक बसवतात आणि म्हणूनच तिच्या खडखडीचे सगळे प्रकार चांगले माहीत झाले आहेत.

मिआटाचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभा असतो. मध्ये ना केबल, ना लांबलचक सळ्या. गिअरबॉक्सच्या मागच्या भागावर एक खोलगट डबी असते, तिला टरेट म्हणतात. दांड्याचा गोळा तिच्यात बसतो आणि खालचं टोक नायलॉनच्या छोट्या कपात. टरेटमध्ये स्वतःचं वेगळं तेल असतं, तेही शंभर मिलिलिटरच्या आत. गिअरबॉक्सचं तेल बदललं म्हणून हे बदलत नाही. त्यामुळे तीस वर्षांच्या गाडीत पहिल्यांदाच टरेट उघडावा आणि आत काळा चिकट गाळ निघावा, हे नेहमीचं आहे. गोळ्यावर रबराचं छोटं बूट असतं आणि त्याच्या वर मोठं. खालचं छोटं बूट फाटलं की तेल बाहेर उडतं, आणि गिअरबॉक्सची उष्णता व रस्त्याचा आवाज वर येतो. दांडा हाताला गरम लागायला लागला की ते बूट गेलं असं समजायला हरकत नाही.

या गाडीची आणखी एक तऱ्हा आहे. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट खाली असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल मिळून एकच लांब तुकडा होतो आणि तो रबरी माउंटांवर तरंगतो. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की हा तुकडा किंचित डोलतो आणि त्याच्यासोबत दांडाही. दांडा डोलतो हा दोष नव्हे. माउंट म्हातारे होऊन इंजिन एका बाजूला बसलं असेल, तर मात्र डोलताना दांडा कॉन्सोलच्या कडेला किंवा पत्र्याच्या भोकाला घासू शकतो. मग नवा दांडा बिचारा निर्दोष असूनही शिव्या खातो.

दुरुस्तीची सुरुवात पान्याने करू नये, कानाने करावी. आवाज कुठल्या फेऱ्यांवर येतो, ताकद लावताना की सोडताना, सगळ्या गिअरांत की एकाच, थंड गाडीत की तापल्यावर, हे सगळं आधी नोंदवून ठेवावं. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू: या स्थितीत क्लच दाबल्यावर खडखड गेली, तर ती आतल्या मोकळ्या गिअरांची किंवा बेअरिंगची आहे. दांड्याने ती फक्त वर पोचवली. नॉबला बोट टेकवताच गेली, तर दांडा किंवा त्याचे बुश. कुठल्या दिशेने दाबल्यावर जाते हेही पाहावं. पुढेमागे दाबून गेली आणि डावीउजवीकडे दाबून गेली नाही, तर प्ले कोणत्या दिशेला आहे ते तिथेच कळतं. ही परीक्षा दोन-चार सेकंदांची. हात दांड्यावर ठेवूनच गाडी चालवायची सवय लागली, तर तो दाब आतल्या शिफ्ट फोर्कवर सतत राहतो आणि तो झिजतो.

मग सगळ्यात स्वस्त संशयित. नॉब घट्ट आहे का? उंची कमीजास्त होणाऱ्या दांड्याचा लॉक नट ढिला तर नाही? कॉन्सोलच्या खाचेत नाणं पडलेलं नाही ना? हे वाचून हसू येईल, पण टरेट उघडून बसल्यावर हे नाणं सापडलं की मालकाला हसू येत नाही.

त्यानंतर खाली उतरायचं. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड, गिअर न्यूट्रलमध्ये. नॉब फिरवून काढला, कॉन्सोल उचलला, मोठं रबरी बूट सोडवलं, की दांडा धरून ठेवणारी पट्टी आणि तिचे तीन बोल्ट दिसतात. ते काढण्याआधी भोवतीची माती ब्रशने झाडून घ्यावी आणि दांडा वर ओढला की भोकात लगेच स्वच्छ फडकं कोंबावं. एखादा वॉशर टरेटमध्ये पडला, तर दुपारचं काम रात्रीवर जातं.

दांडा बाहेर आला की पहिली नजर खालच्या टोकाकडे. नायलॉनचा कप आहे का? अनेकदा तो दांड्याबरोबर वर येतच नाही, टरेटच्या तळाशी चिकटून राहतो. शॉर्ट शिफ्टर बसवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. मग जुन्या चिरलेल्या कपात नवा दांडा बसतो किंवा कपाचे तुकडे तेलात पोहत राहतात. अर्ध्याहून जास्त खडखडी या एका क्षुल्लक तुकड्यापाशी संपत असतील, असा संशय घ्यायला जागा आहे. जुनं तेल सिरिंजने ओढून घ्यावं, तुकडे वेचावेत, आत पुसावं, नवा कप नव्या टोकावर बोटाने फिरवून पाहावा. तो न डगमगता आणि न अडकता फिरला पाहिजे.

कप कशाचा असावा, यावर मतं आहेत. नायलॉन थोडा मऊ, म्हणून शांत. पण तो ओलावा शोषतो आणि फुगतो, शिवाय उष्णतेत वर्षानुवर्षं राहून ठिसूळ होतो. १९६० च्या सुमारास ड्यूपॉन्टने बाजारात आणलेलं डेल्रिन हे प्लॅस्टिक जास्त कडक असतं आणि ओलावा जवळपास घेत नाही, म्हणून त्याचा कप वर्षानुवर्षं मापात राहतो. पितळेचे किंवा ब्राँझचे बुश सगळ्यांत टिकाऊ, हाताला सगळ्यांत नेमके आणि कानाला सगळ्यांत त्रासदायक. रस्त्यावर चालवायच्या गाडीत पितळेचा बुश घालणाऱ्याने आवाजाची तक्रार करू नये. ती गोष्ट रेस ट्रॅकची आहे.

यानंतरचा भाग नाजूक आहे. गोळा आपल्या जागेवर हलक्या दाबाखाली बसलेला हवा. त्यासाठी त्याच्यापाशी लहरदार स्प्रिंग वॉशर किंवा पातळ चकती असते. शॉर्ट शिफ्टर बनवणाऱ्यांचा गोळा मूळ गोळ्याच्या मापाचा असेलच असं नाही. अर्धा मिलिमीटर कमी भरला, तर पट्टी बोल्टांनी पूर्ण आवळूनही गोळा आतल्या आत उड्या मारत राहतो. मालक बोल्ट आणखी आवळतो, बोल्टाचे आटे जातात, खडखड जात नाही. उपाय म्हणजे पातळ शिम घालून ती फट भरणं, एका वेळी दशांश मिलिमीटरच्या बेताने. घालायची, पट्टी नेमून दिलेल्या टॉर्कवर आवळायची, इंजिन बंद ठेवून रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून पाहायचे. न्यूट्रलमध्ये दांडा एका बाजूला ढकलून सोडला, तर त्याने आपला आपण मध्यावर यायला हवं. रेंगाळला तर शिम जास्त झाली. जास्त घट्ट गोळा खडखडत नाही हे खरं, पण तो गिअर अर्धवट पडू देतो आणि ते खडखडीपेक्षा कितीतरी वाईट.

बंद करण्याआधी टरेटमध्ये नवं तेल, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचं आणि मापाचं. छोटं बूट फाटलेलं असेल तर नवं. फाटलेलं बूट टेपने चिकटवणं हा उद्योग आठवडाभर टिकतो. रबराला लावायचं असेल तर सिलिकॉनचं ग्रीस लावावं, कारण साध्या ग्रीसने काही रबरं फुगतात.

आता जड नॉबबद्दल. खडखडीवर हा उपाय हमखास सुचवला जातो: चारशे-पाचशे ग्रॅमचा धातूचा नॉब बसवा, आवाज जाईल. कधी जातोही. दांड्याला स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि वस्तुमान वाढलं की ती वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. दांडा आणि नॉब मिळून हलणारं वस्तुमान दुप्पट केलं, तर कंपनसंख्या सुमारे २९ टक्क्यांनी खाली येते. म्हणजे पूर्वी ४२०० फेऱ्यांवर येणारी झिणझिण आता ३००० च्या आसपास येईल. ४२०० फेऱ्या ओव्हरटेक करताना दोन सेकंद लागतात, ३००० फेऱ्यांवर हायवेवर तासभर गाडी चालते. आवाज गेला नाही, तो जास्त वेळ ऐकू येईल अशा जागी राहायला आला. बुश आणि शिमचं काम आधी करावं, नॉबचा विचार त्यानंतर. रबर किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर बसणारा नॉब मात्र खरोखर उपयोगी पडतो, कारण धातूची अखंड वाट तिथे एकदा तुटते.

कॉन्सोलखाली स्पंज कोंबण्याची एक चाल आहे. कानाला बरं वाटतं. बुश मात्र आतमध्ये पूर्वीसारखाच झिजत राहतो, आणि आता तो ऐकूही येत नाही.

सगळ्याच गाड्या मिआटासारख्या सरळ नसतात. बीएमडब्ल्यूच्या ई३६ आणि ई४६ पिढ्यांमध्ये दांडा गिअरबॉक्सच्या मागे एका वेगळ्या ॲल्युमिनियमच्या हातावर बसतो आणि खालून एक सळी गिअरबॉक्सपर्यंत जाते. सळीच्या दोन्ही टोकांना छोटे प्लॅस्टिकचे वॉशर आणि क्लिपा असतात. ते झिजले की सांध्यात प्ले येतो आणि दांडा नवा असो वा जुना, खुळखुळतो. तिथे काही हौशी मंडळी बीएमडब्ल्यूच्याच झी३ १.९ गाडीचा दांडा ई३६ मध्ये बसवतात. कंपनीचाच भाग असल्याने तो आवाज कमी करतो, चालही आखूड होते आणि पैसेही वाचतात. त्याहून आखूड चालीच्या मागे लागून खालचा भाग फार लांब घेतला, तर सळी प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याजवळ येते आणि घासू लागते. तो आवाज मात्र वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर नाही. निदान करताना हा फरक सोन्यासारखा आहे: क्लच दाबून गाडी वाहू दिली आणि आवाज तसाच राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या मागचा.

इंजिन मागे किंवा मधोमध असलेल्या बऱ्याच गाड्यांत, उदाहरणार्थ पोर्शे बॉक्स्टर किंवा लोटस एलिझमध्ये, गिअर केबलने चालतात. केबलमधून थरथर फारशी येत नाही, म्हणून तिथली खडखड जवळजवळ नेहमी केबलच्या टोकावरच्या बुशची किंवा दांड्याच्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या टेकूची असते.

एवढं सगळं करूनही अखंड धातूच्या दांड्यात एक बारीक गुणगुण उरते, विशेषतः कुणी हलकं फ्लायव्हील बसवलेलं असेल तर. ती काढायची म्हणजे दांड्यात रबर परत आणायला हवं. काही शॉर्ट शिफ्टर मुळातच दोन तुकड्यांचे, मध्ये बुश असलेले मिळतात. किंमत जास्त असते आणि चाल तेवढीच आखूड. विकत घेताना हे एकच विचारलं तर पुढचं बरंच टळतं. आणि कंपनीचा मूळ दांडा फेकू नये. तेलाचं बोट लावून, फडक्यात गुंडाळून ठेवावा, कपासकट. तो परत बसवून एक फेरी मारली की खडखड दांड्याची होती की गिअरबॉक्सची, याचा निकाल तासाभरात लागतो.